डिलाईल रोड की ना. म. जोशी मार्ग? एका रस्त्याची दोन नावे आणि बदललेले रूप

आजोबांची नात यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमच्या घराण्याची हकीकत लिहून काढण्याचे काम मी गेल्या वर्षी हाती घेतले. आजोबा संगमेश्वर तालुक्यातून मुंबईला आले, डिलाईल रोडवरच्या बीडीडी चाळीत गाववाल्यांच्या खोलीत राहिले आणि त्याच रस्त्यालगतच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, त्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली. आजी गावीच राहिली. आजोबा दरमहा मनीऑर्डर करीत. तिच्या पावत्या त्यांनी आपल्या पेटीत जपल्या होत्या आणि मनीऑर्डरसोबत येणारी, चार ओळींच्या मजकुराची कुपने आजीने गावच्या पेटीत जपली होती. या दोन्ही पेट्या आता माझ्याकडे आहेत.

वडील आजही त्या रस्त्याला डिलाईल रोडच म्हणतात. शिधापत्रिकेवर आणि वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र ना. म. जोशी मार्ग असे आहे, तर काही जुन्या कागदांवर नुसतेच "डिलाईल रोड, मुंबई १३" असे लिहिलेले आढळते. गेल्या महिन्यात मी वडिलांना घेऊन तिथे गेले होते. लोअर परळ स्थानकातून बाहेर पडून आम्ही सातरस्त्याच्या दिशेने चालत गेलो, पण वडिलांना गिरणीचे फाटक सापडले नाही, आजोबा जेवायला जात ती खानावळही सापडली नाही, आणि एका उंच काचेच्या इमारतीसमोर ते बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. त्यांना नेमके काय शोधायचे आहे, हेच मला सांगता येत नव्हते, याचे वाईट वाटले.

जाणकारांना मला इतकेच विचारायचे आहे की, ज्यांचे नाव या रस्त्याला दिले त्या जोशींचा आणि या रस्त्याचा संबंध काय होता, कागदांवरच्या पत्त्यांवरून काळाचा काही अंदाज बांधता येतो का, आणि आजोबांच्या हकीकतीत मी रस्त्याचे कोणते नाव लिहावे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, परंतु लिहायला बसले की प्रत्येक पानावर तोच आडवा येतो.

सातरस्ता यांचे उत्तर

आपला शेवटचा प्रश्न मला अजिबात किरकोळ वाटत नाही. माझे बालपण सातरस्त्याजवळ गेले, त्यामुळे पत्त्यांपासूनच सुरुवात करतो.

"मुंबई १३" हा आपल्या हातातला चांगला दुवा आहे. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याआधी शहराच्या टपाल विभागांना साधे क्रमांक होते आणि त्यांतल्या तेराचा पुढे ४०००१३ झाला. त्यामुळे ज्या कागदावर नुसते "मुंबई १३" आहे तो बहुधा त्यापूर्वीचा समजावा. "बहुधा" म्हणण्याचे कारण असे की, जुन्या सवयीने लोक पुढेही कित्येक वर्षे तसेच लिहीत राहिले. मनीऑर्डरच्या पावतीवर टपाल कार्यालयाचा गोल शिक्का असतो, तो भिंगाखाली धरून पाहा. रस्त्याचे नाव बदलले तरी ४०००१३ या पिनकोडच्या टपाल कार्यालयाचे नाव डिलाईल रोड असेच राहिले. पोलीस ठाणे मात्र ना. म. जोशी मार्ग या नावाने ओळखले जाते. म्हणजे एकाच रस्त्यावर टपाल खाते जुने नाव सांगते आणि पोलीस खाते नवे, आणि यांपैकी कोणीही चुकीचे नाही. सातरस्त्याचीही तीच गत आहे: जेकब सर्कलचा संत गाडगे महाराज चौक झाला, मोनोरेलच्या स्थानकाला तेच नाव मिळाले, टपाल कार्यालय जेकब सर्कलच राहिले आणि आम्ही सातरस्ता म्हणत राहिलो, कारण तिथे सात रस्ते मिळतात हे डोळ्यांना दिसते.

आता जोशींविषयी. नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ साली आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावात झाला, म्हणजे तेही आपल्या आजोबांसारखे कोकणातलेच. काही वर्षे शिक्षकाची नोकरी करून १९०९ साली ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने अशा कामांतून ही संस्था कामगार वस्तीत पोहोचली. परळचा दामोदर हॉल तिच्याच इतिहासाचा भाग आहे. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची, म्हणजे आयटकची, स्थापना झाली. तिच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष लाला लजपतराय होते आणि संस्थापकांत जोशी होते.

जोशींचे सर्वांत टिकाऊ काम, माझ्या मते, मध्यवर्ती कायदेमंडळातले आहे. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या प्रकरणात न्यायालयाने कामगार नेत्यांनाच मनाई हुकूम बजावला होता; युनियन करणे म्हणजे मालकाविरुद्ध कट करणे, असे ठरण्याचा तो काळ होता. जोशींनी १९२१ साली कामगार संघटनांची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी कायदा करावा असा ठराव मांडला आणि त्याचा पाठपुरावा होत होत १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. आपल्या आजोबांनी युनियनची वर्गणी भरून जी पावती घेतली असेल, तिच्यामागे हा कायदा उभा आहे. एवढा संबंध मला पुरेसा वाटतो.

तरीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती न सांगता नुसता गौरव केला तर इतिहास अर्धा राहील. जोशी मवाळ वळणाचे होते. १९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला, तेव्हा संयुक्त संप समितीत जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे दोघेही होते. परंतु त्या संपातून गिरणगावाच्या मनात घर केले ते लाल बावट्याच्या, म्हणजे डांगे यांच्यासारख्या कम्युनिस्टांच्या, गिरणी कामगार युनियनने. पुढच्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली आणि जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. १९४० साली एकीकरण झाल्यावर ते पुन्हा तिचे सरचिटणीस झाले आणि १९४८ पर्यंत त्या पदावर राहिले. १९५५ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे ज्या वस्तीचा कल त्यांच्या मार्गापेक्षा वेगळा होता, तिच्या मधल्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. आपल्या आजोबांनी त्यांना नेता मानले असेल असे त्यामुळे गृहीत धरू नये, पण परकेही मानू नये.

एक वाचक

वरील उत्तर आवडले. त्यात एक भर घालावीशी वाटते की, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे हेच ना. म. जोशी, त्यामुळे रस्त्याला त्यांचे नाव देणे अगदी उचित झाले.

सातरस्ता

आपली भावना रास्त आहे, परंतु इथे दोन नारायणरावांची सरमिसळ झाली आहे. रविवारच्या सुट्टीसाठी झटले ते नारायण मेघाजी लोखंडे. ते सत्यशोधक चळवळीतले, महात्मा फुल्यांचे सहकारी आणि "दीनबंधु" पत्राचे संपादक होते. त्यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळू लागली. तेव्हा जोशी अकरा वर्षांचे होते. आद्याक्षरे जवळजवळ सारखी असल्याने ही चूक फार ठिकाणी होते, आणि दर वेळी ती दुरुस्त करावी असे मला मनापासून वाटते, कारण लोखंडे यांचे श्रेय आधीच पुष्कळ काळ झाकलेले राहिले.

एक वाचक

दुरुस्तीबद्दल आभारी आहे. मी अनेक वर्षे चुकीचे सांगत आलो होतो.

चाळकरी यांचे उत्तर

माझा जन्म ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळीतला, त्यामुळे चाळ आणि गिरणी या दोन्हींचे काय झाले ते मी सांगतो. ताईंच्या वडिलांना फाटक का सापडले नाही हे त्यावरून उलगडेल.

चाळींपासून सुरुवात करू. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात मुंबईच्या विकासासाठी वेगळे खाते उघडले गेले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेट या त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे बीडीडी. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून कामगारांच्या घरांसाठी पैसा उभा करण्यात आला. पन्नास हजार खोल्यांचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. त्यांपैकी आमच्या रस्त्यावर ३२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारे आणि मजल्याच्या मध्यावर सामाईक नळ व संडास. सुरुवातीला कामगारांनी या सिमेंटच्या कोंदट खोल्यांकडे पाठ फिरवली होती, भाडेही त्यांना परवडत नव्हते. पुढे याच खोल्यांत एकेका गावचे दहा-पंधरा पुरुष पाळीप्रमाणे राहू लागले. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच वळकटीच्या जागेवर अंग टाकी. आपल्या आजोबांची "गाववाल्यांची खोली" ती हीच.

विकास खात्याच्या कागदांत आमच्या चाळी "डिलाईल रोड" या नावानेच नोंदलेल्या होत्या. मग रस्त्याबरोबर त्या ना. म. जोशी मार्गाच्या झाल्या, आणि २०२२ साली शासनाने वसाहतीला राजीव गांधी नगर हे नाव दिले. म्हणजे तिथे जन्मलेल्या माणसाला आयुष्यात तीन पत्ते मिळाले. पुनर्विकासाचे भूमिपूजन २२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर झाले. म्हाडा हे काम करीत आहे आणि पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने मिळायचे आहे. वरळीच्या प्रकल्पातल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांत सात माणसांनी दिवस काढलेले पाहिल्यामुळे, चाळ पाडू नये असे मी कधीही म्हणणार नाही. माझ्या आईला रात्री-बेरात्री संडासासाठी बोळातून जावे लागू नये, याहून मोठा वारसा मला ठाऊक नाही. चाळीच्या आठवणींवर हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गिरण्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याविषयी मला असे समाधान वाटत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. पुष्कळ कामगार परत कामावर गेले नाहीत, कित्येक गावी निघून गेले, आणि गिरण्या एकेक करून थंडावल्या. मग प्रश्न उरला जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ढोबळ मानाने असे ठरवले होते की, गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करताना एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळावा. २००१ साली त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? सगळीकडे खाती, गोदामे आणि चिमण्या. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये पालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. या एका नियमाच्या शब्दांनी आमच्या रस्त्याचे आजचे रूप ठरवले, असे मी ठामपणे म्हणेन. उद्याने आणि कामगारांची घरे यांच्यासाठी जी जागा मिळाली असती, तिच्यातल्या फार मोठ्या भागावर आज कार्यालये आणि मनोरे आहेत.

ताई, आपण ज्या बाजूने चाललात त्या रस्त्यावर मफतलाल गिरणीच्या आवारात मॅरेथॉन फ्युचरेक्स उभी आहे. सातरस्त्याकडे अपोलो गिरणी होती. ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली विकलेल्या पाच गिरण्यांपैकी एक, आणि आज तिथे लोढांचे मनोरे आहेत. मथुरादास गिरणीच्या आवारात कार्यालये आणि खाण्यापिण्याची ठिकाणे आहेत. परंतु पत्त्यांकडे लक्ष द्या: मफतलाल मिल कंपाउंड, अपोलो मिल कंपाउंड, मथुरादास मिल कंपाउंड. गिरणी गेली तरी तिचे आवार पत्त्यात राहिले आहे. पुढच्या वेळी वडिलांना घेऊन जाल तेव्हा इमारतींच्या पाट्यांवर "कंपाउंड" शब्द शोधा आणि त्याच्या आधी काय लिहिले आहे ते त्यांना वाचून दाखवा. फाटक कुठे होते हे त्यांना पावलांवरून आठवेल.

आणि एक गोष्ट आजही जिवंत आहे. लोअर परळचा रेल्वेचा डब्यांचा कारखाना याच रस्त्यावर आहे आणि तो चालू आहे. सकाळी त्याच्या फाटकाजवळ थोडा वेळ उभे राहिलात, तर डबा घेऊन कामावर शिरणारी माणसे दिसतील. आजोबा कसे जात असतील ते वडिलांना सांगता यावे म्हणून तरी हे पाहावे, असे मला वाटते.

कागदपत्रे यांचे उत्तर

केवळ एक व्यवहाराची सूचना. आजोबा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असतील, तर गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत त्यांच्या वारसांचा अर्ज पूर्वी भरला गेला होता का, हे घरात विचारून पाहा. पहिली सोडत जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांसाठी निघाली आणि मार्च २०२० च्या सोडतीतल्या ३,८९४ घरांत लोअर परळच्या श्रीनिवास गिरणीच्या जागेवरची घरेही होती. अर्जदार मात्र दीड लाखांहून अधिक आहेत. अर्ज भरला असेल तर त्याच्यासोबत जोडलेले गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, हजेरीचे कार्ड किंवा ईएसआयचे कागद यांच्या प्रती घरात असण्याची शक्यता आहे. अशा कागदांवर गिरणीचे नाव, खाते आणि पत्ता एकत्र सापडतो, आणि आपल्याला तोच हवा आहे.

सातरस्ता

नावाच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण माझ्या पहिल्या उत्तरात तो राहून गेला. लोअर परळ आणि वरळीच्या मधल्या या भागाला घरांच्या जाहिरातींतून "अप्पर वरळी" म्हणण्याची रीत मध्यंतरी निघाली. त्या नावाने या जागेचा कोणताही इतिहास सांगितला जात नाही. परळ हा शब्द, आणि त्याबरोबर गिरणी, पत्त्यातून जावी एवढाच त्याचा उपयोग आहे. तेव्हा प्रश्न इंग्रजी नाव की मराठी नाव असा नाहीच, असे मला वाटू लागले आहे. डिलाईल हे नाव इंग्रजी अमदानीतले खरे, पण इथल्या कामगारांनी ते स्वतःच्या उच्चारात घडवून इतके आपलेसे केले की, लोअर परळचा पूल २०१८ साली धोकादायक म्हणून बंद झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्याने पूर्ण खुला झाला, त्या पाच वर्षांत वर्तमानपत्रांनीही त्याला डिलाईल पूलच म्हटले. दुसरे नाव कामगारांच्या हक्कांसाठी झिजलेल्या माणसाचे आहे. दोन्ही नावांत कामगार आहे. माझे मत विचाराल, तर माणसे बोलतात तिथे डिलाईल रोड लिहावे आणि कागद बोलतो तिथे ना. म. जोशी मार्ग.

आजोबांची नात

सर्वांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून मी पावत्या आणि कुपने तारखेप्रमाणे लावली. पावत्यांवरचे बहुतेक शिक्के पुसट आहेत, पण पाच पावत्यांवर डिलाईल रोड हे अक्षर न अक्षर वाचता येते. कुपनांवर आजोबांच्या हातचा पत्ता आहे. जुन्या कुपनांवर नुसते डिलाईल रोड, नंतरच्या काहींवर "ना. म. जोशी मार्ग, म्हणजे डिलाईल रोड". आजीला कोणीतरी पत्ते वाचून दाखवी आणि नवे नाव ऐकून आजोबांनी बिऱ्हाड हलवले की काय अशी तिला काळजी वाटू नये, म्हणून ते "म्हणजे" लिहीत, असे वडिलांनी सांगितले.

चाळकरी, आपले उत्तर वडिलांना वाचून दाखवले. "कंपाउंड" शब्द ऐकल्यावर त्यांनी लगेच गिरणीचे नाव घेतले आणि फाटकासमोर एक पिंपळ होता असे सांगितले. येत्या रविवारी आम्ही पुन्हा जात आहोत. एका कुपनावर चाळीचा क्रमांक शाईच्या डागाखाली गेला आहे, पहिला अंक दोन आहे एवढेच कळते. तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला, संगमेश्वरकडच्या मंडळींची खोली कोणत्या चाळीत होती हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला आठवत असेल, तर कृपया इथेच कळवावे.